स्पीडवेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कशी भरवतात : ट्रॅकच्या मातीपासून तिकीटविक्रीपर्यंत

स्पीडवे हा मोटारसायकल शर्यतींचा बहुधा सर्वांत आटोपशीर प्रकार आहे. अंडाकृती मातीच्या ट्रॅकवर चार रायडर डावीकडे वळत चार चकरा मारतात आणि साधारण एका मिनिटात निकाल लागतो. गाडीला ५०० सीसीचे एक-सिलिंडर इंजिन, एकच गिअर आणि मेथनॉलची टाकी असते, ब्रेक मात्र नसतात. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो. तो पाय जमिनीवर घासत, मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवत वळण घेतले जाते. एवढ्याशा ऐवजावर जागतिक अजिंक्यपदाची दहा-अकरा फेऱ्यांची मालिका उभी राहते, पोलंडमध्ये राष्ट्रीय स्टेडियम भरते आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकले जातात. हे कसे घडवून आणतात, याचा क्रमवार आढावा या लेखात घेतला आहे. क्रीडा-व्यवस्थापन शिकणारे, मोटर स्पोर्ट क्लब चालवणारे किंवा आयोजनाच्या व्यवसायातले वाचक समोर ठेवून तो लिहिला आहे. एक मत आधीच नोंदवतो. या खेळात आयोजकाची प्रतिष्ठा रोषणाईवर टिकत नाही, ती मातीवर टिकते, आणि कामांचा अग्रक्रमही त्याप्रमाणेच लावावा लागतो.

शब्दांविषयी थोडे. पुढे ‘हीट’ म्हणजे चार रायडरांची एक शर्यत, ‘फेरी’ म्हणजे एका शहरातील एक संपूर्ण संध्याकाळ आणि ‘मालिका’ म्हणजे वर्षभराची स्पर्धा.

पहिली पायरी : मान्यता कोणाची आणि हक्क कोणाचे

आंतरराष्ट्रीय स्पीडवेवर नियंत्रण एफआयएमचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाचे असते. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील मीस येथे आहे. त्याचा ट्रॅक रेसिंग आयोग नियम ठरवतो, ट्रॅकना मान्यता देतो आणि पंच नेमतो. व्यापारी बाजू मात्र महासंघ स्वतः पाहत नाही. ती दीर्घ मुदतीच्या कराराने एखाद्या कंपनीला दिली जाते. जागतिक अजिंक्यपदाच्या, म्हणजे ग्रां प्री मालिकेचे हक्क २००१ पासून दोन दशके ब्रिटनच्या बीएसआय या कंपनीकडे होते, तर २०२२ पासून दहा वर्षांसाठी ते डिस्कव्हरी समूहाच्या क्रीडा-आयोजन शाखेला देण्यात आले. युरोपीय अजिंक्यपदाची मालिका २०१३ पासून पोलंडची वन स्पोर्ट ही कंपनी चालवते. तिसरा घटक म्हणजे यजमान देशाचा राष्ट्रीय महासंघ आणि चौथा म्हणजे प्रत्यक्ष मैदान सांभाळणारा स्थानिक क्लब.

या चौघांच्या जबाबदाऱ्या पहिल्याच करारात वेगळ्या लिहून काढाव्यात. पाऊस पडला तर फेरी पुढे ढकलण्याचा निर्णय कोणाचा, परताव्याचा खर्च कोणाचा, प्रक्षेपणाच्या गाड्यांना वीज कोण पुरवणार, ट्रॅकभोवतीच्या फलकांवर स्थानिक प्रायोजकाला किती जागा, या प्रश्नांची उत्तरे शर्यतीच्या आदल्या रात्री शोधायची नसतात. भारतात एफआयएमशी संलग्न संस्था एफएमएससीआय आहे, त्यामुळे येथून कोणी आंतरराष्ट्रीय मान्यतेची फेरी भरवण्याचा विचार केला, तर अर्जाचा रस्ता तिच्याकडूनच जातो. स्पीडवे आपल्याकडे रुजलेला नाही. परंतु २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तेव्हा स्टेडियममध्ये मातीचा तात्पुरता ट्रॅक बांधण्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. सुपरक्रॉसला उंचवटे लागतात आणि स्पीडवेला एकसारखा सपाट पृष्ठभाग. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण सारी मेहनत त्यातच असते.

दुसरी पायरी : गुणपद्धती

स्वरूप आधी ठरवावे, जाहिरात नंतर. याचे कारण इतिहासातच आहे. पहिले जागतिक अजिंक्यपद १० सप्टेंबर १९३६ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये झाले. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने त्या रात्री आपल्या पाचही हीट जिंकल्या, तरीही विजेता ठरला लायोनेल व्हॅन प्राग. आधीच्या टप्प्यांतील बोनस गुण अंतिम बेरजेत धरले जात असल्यामुळे रात्रभर अपराजित राहिलेला रायडर तिसरा आला. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता, म्हणून त्याला अन्याय म्हणता येणार नाही. तथापि प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले आणि फलकावर लिहिलेले यांचा मेळ बसला नाही की खेळ विकणे अवघड होते.

सोळा रायडर आणि वीस हीट हे स्पीडवेचे मूळ गणित फार सुंदर आहे. प्रत्येक रायडर पाच वेळा धावतो, प्रत्येक वेळी तिघांशी भिडतो आणि अशा रीतीने उरलेल्या पंधराही जणांना नेमका एकदा भेटतो. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य गुण मिळतात. १९९४ पर्यंत जगज्जेता अशा एकाच रात्रीत ठरत असे. १९७३ मध्ये पोलंडमधील होझूफच्या स्टेडियममध्ये लाखावर प्रेक्षकांसमोर येझी श्चाकिएल आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर यांचे गुण समान झाले, निर्णायक हीटमध्ये मॉगर पडला आणि यजमान देशाला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला. अशा रात्रीचे नाट्य अपूर्व असते, पण वर्षभराच्या मेहनतीचा निकाल एका बिघडलेल्या क्लचवर लागू शकतो आणि प्रायोजकालाही वर्षात एकच दिवस मिळतो. म्हणून १९९५ पासून ग्रां प्री मालिका सुरू झाली. पहिल्या वर्षी सहा फेऱ्या होत्या. व्रोत्सवाफची पहिली फेरी पोलंडच्या टोमाश गोलोबने जिंकली, तर अजिंक्यपद डेन्मार्कच्या हान्स नील्सनला मिळाले.

२०२० पासून मालिकेचे गुण हीटमधील गुणांवर न देता फेरीतील अंतिम क्रमांकावर दिले जाऊ लागले : विजेत्याला २०, त्यानंतर १८, १६, १४, १२ आणि पुढे एकेक कमी. २०२५ पासून वीस हीटनंतरचे पहिले दोघे थेट अंतिम हीटमध्ये जातात, तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकाच्या रायडरांच्या दोन ‘शेवटची संधी’ हीट होतात आणि त्यांचे विजेते उरलेल्या दोन जागा घेतात. मला हा बदल योग्य वाटतो. त्याआधी पंधरापैकी पंधरा गुण मिळवणाराही उपांत्य हीटमधील एका चुकीने बाहेर जात असे, म्हणजे १९३६ चेच दुखणे वेगळ्या वेषात आले होते. आता तीन तासांच्या आत तेवीस हीट होतात आणि प्रत्येक टप्प्यात काहीतरी पणाला लागलेले असते.

सहभागींची यादीही स्वरूपाचाच भाग आहे. आधीच्या हंगामातील वरचे रायडर, पात्रता मार्गाच्या शेवटच्या ‘चॅलेंज’ फेरीतून आलेले, युरोपीय विजेता आणि आयोगाने निवडलेले कायम वाइल्ड कार्डधारक असे पंधरा जण निश्चित असतात. सोळावी जागा प्रत्येक फेरीत एका वाइल्ड कार्डधारकासाठी राखलेली असते आणि ती बहुधा यजमान देशातील रायडरला मिळते. शिवाय दोन राखीव रायडर असतात. हा सोळावा रायडर म्हणजे स्थानिक तिकीटविक्रीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय.

तिसरी पायरी : तारीख आणि मैदान

स्पीडवेचा रायडर एकाच आठवड्यात दोन-तीन देशांत धावतो. पोलंडच्या एक्स्ट्रालीगा या क्लब-लीगचे सामने मुख्यतः शुक्रवारी आणि रविवारी, स्वीडनचे मंगळवारी असे वेळापत्रक असते. म्हणून ग्रां प्रीसाठी शनिवार उरतो. रायडरचे बहुतेक उत्पन्न पोलंडच्या लीगमधून येते, त्यामुळे तिच्याशी तारीख जुळवल्याखेरीज कोणतेही आंतरराष्ट्रीय वेळापत्रक जाहीर करू नये.

मैदानांचे दोन प्रकार पडतात. प्रागचे मार्केटा, डेन्मार्कमधील व्होयेन्स, पोलंडमधील तोरुन आणि गोझूफ ही कायमस्वरूपी ट्रॅक असलेली ठिकाणे आहेत. तेथे माती वर्षानुवर्षे मुरलेली असते, कर्मचारी अनुभवी असतात आणि प्रेक्षक ठरलेला असतो. प्राग १९९७ पासून मालिकेत टिकून आहे, ते याच बळावर. दुसरा प्रकार म्हणजे कार्डिफ किंवा वॉर्सासारखी मोठी फुटबॉल-रग्बी स्टेडियम, जेथे काही दिवसांत तात्पुरता ट्रॅक उभारला जातो. पहिल्या प्रकारात यजमान क्लब किंवा नगरपालिका हक्कधारक कंपनीला शुल्क देते आणि तिकिटांचे उत्पन्न बहुधा स्वतःकडे ठेवते. दुसऱ्यात खर्च अनेक पटींनी वाढतो आणि जोखीम कंपनीला किंवा राष्ट्रीय महासंघाला उचलावी लागते. नवख्या आयोजकाने मोठ्या स्टेडियमच्या मोहात पडू नये. पंधरा हजारांचे भरलेले मैदान कॅमेऱ्यात जसे दिसते, तसे अर्धे रिकामे साठ हजारांचे मैदान कधीच दिसत नाही.

चौथी पायरी : ट्रॅक

हा या लेखाचा गाभा आहे. एफआयएमच्या नियमांनुसार ट्रॅकची लांबी २६० ते ४२५ मीटर असावी लागते, तसेच वळणे सरळ भागापेक्षा रुंद ठेवावी लागतात. खाली घट्ट दाबलेला पाया आणि वर बारीक दगडी चुरा किंवा विटकरी शेल (ठिसूळ खडकाचा चुरा) यांचा सुटा थर, अशी रचना असते. कुस्तीच्या आखाड्यातील माती जशी पैलवान येण्याआधी खणून, भिजवून, मळून ‘तयार’ करावी लागते, तशीच ही मातीही तयार करावी लागते; ट्रकमधून उतरवून पसरली म्हणजे ट्रॅक झाला असे होत नाही. ओलावा कमी पडला की धूळ उडते आणि मागच्या रायडरला काहीच दिसत नाही. तो वाढला की चाके खोल चर पाडतात. पुढचे चाक त्यात सापडताच गाडी उसळते. पाया नीट दाबलेला नसेल, तर पहिल्या पाच-सहा हीटमध्येच वळणाच्या तोंडाशी खड्डे पडतात आणि ट्रॅक्टर कितीही फिरवला तरी ते पुन्हा उघडे पडतात.

तात्पुरत्या ट्रॅकसाठी काही हजार टन माल आणावा लागतो. स्टेडियमच्या तळावर संरक्षक आच्छादन, त्यावर पायाचा थर, त्याचे रोलिंग, मग वरचा थर, असा क्रम असतो. त्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे माल साठवलेल्या जागेचे छप्पर. उघड्यावर भिजलेला माल बंद छताच्या स्टेडियममध्ये काही दिवसांत वाळत नाही, आणि उन्हात कडक वाळलेला माल एका रात्रीत पाणी पीत नाही.

दोन उदाहरणे प्रत्येक आयोजकाने लक्षात ठेवावीत. ऑक्टोबर २००८ मध्ये जर्मनीतील गेल्सनकिर्खेनच्या भव्य स्टेडियममध्ये हंगामाची अखेरची फेरी ठरली होती. ट्रॅक शर्यतीच्या लायकीचा नसल्याने ती रद्द करावी लागली आणि आठवड्याने पोलंडच्या बिडगोश्च येथील कायमस्वरूपी ट्रॅकवर घ्यावी लागली. दुसरे उदाहरण १८ एप्रिल २०१५ चे, वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियममधले. तेथे ग्रां प्री प्रथमच होत होती. पोलंडचा २०१० चा जगज्जेता गोलोब निरोपाची फेरी धावणार होता आणि पन्नास हजारांवर प्रेक्षक आले होते. प्रसिद्धीच्या दृष्टीने त्या फेरीत काहीच कमी नव्हते. प्रत्यक्षात प्रारंभरेषेवर रायडरांना अडवणारी फीत उचलण्याची यंत्रणा वारंवार बिघडली, काही हीट दिव्याच्या इशाऱ्यावर सुरू कराव्या लागल्या, ट्रॅक उखडत गेला आणि अखेर बाराव्या हीटनंतर फेरी थांबवून स्लोव्हेनियाच्या मातेय झागरला विजेता घोषित करण्यात आले. आयोजक पुढच्या वर्षी त्याच स्टेडियममध्ये परतले आणि फेरी पूर्ण झाली, ही जमेची बाजू. पण धडा उघड आहे. फीत उचलणारे यंत्र साधेच असते, त्याचा पूर्ण संच राखीव ठेवावा, दोन्ही संच त्याच पंचाच्या हाताखाली आदल्या दिवशी चालवून पाहावेत आणि सरावानंतर ट्रॅक दुरुस्त करायला एक संपूर्ण रात्र मोकळी ठेवावी.

पाचवी पायरी : सुरक्षा आणि तपासणी

वळणांवर हवा भरलेले कुंपण, म्हणजे एअर फेन्स, सर्वोच्च दर्जाच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांत अनिवार्य असते. प्रत्येक अपघातानंतर त्याचा दाब आणि जोड तपासल्याशिवाय पुढची हीट सुरू करता येत नाही, म्हणून फुग्यांचे राखीव भाग व पंप वळणाच्या मागेच ठेवावे लागतात. मेथनॉलची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. अग्निशामक पथकाला याची वेगळी कल्पना द्यावी लागते आणि पिटमध्ये, म्हणजे गाड्या ठेवण्या-दुरुस्तीच्या जागेत, उघड्या ज्वालेस सक्त मनाई असावी लागते. प्रत्येक गाडीखाली तेल-इंधन शोषणारी चटई अंथरलेली असते. तांत्रिक अधिकारी गाडीचे वजन पाहतात (किमान ७७ किलो), सायलेन्सर, चाकांमागील माती अडवणारा डिफ्लेक्टर आणि रायडरच्या मनगटाला जोडलेली इंजिन बंद करणारी दोरी तपासतात. रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन गेली, तर दुसरी जागेवर येईपर्यंत शर्यत थांबते. यासाठी रुग्णवाहिका भाड्याने घेतानाच काटकसर करू नये, कारण थांबलेल्या प्रक्षेपणाचा प्रत्येक मिनिट तिच्या भाड्याहून महाग पडतो.

सहावी पायरी : शर्यतीची संध्याकाळ

आदल्या दिवशी सराव आणि वेळेवर आधारित पात्रता होते. तिच्या निकालानुसार रायडर स्वतःचा प्रारंभ-क्रमांक निवडतात. पूर्वी येथे चिठ्ठ्या टाकल्या जात. क्रमांकावरून कोणत्या हीटला आतली जागा आणि कोणत्या हीटला बाहेरची, हे ठरते, त्यामुळे ही निवड म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे.

हीटचा ताल असा असतो. पंच वरच्या काचेच्या खोलीतून दोन मिनिटांचा इशारा देतो, तेवढ्या वेळात चौघांनी फितीशी पोहोचायचे असते. लाल, निळे, पांढरे आणि पिवळे शिरस्त्राण-आवरण रायडरची ओळख असते आणि बाद झालेल्याच्या रंगाचा दिवा लागतो. प्रारंभ अधिकारी जागा तपासून बाजूला होतो, हिरवा दिवा लागतो, पंच बटण दाबतो आणि फिती वर उडतात. फितीला स्पर्श केला की शिक्षा ठरलेली. पहिल्या वळणाबाहेर बसलेल्या प्रेक्षकांच्या अंगावर मातीचा सडा पडतो. जाणकार तेथे कार्यक्रमपत्रिका डोक्यावर धरून बसतात आणि हीट संपताच तीच पत्रिका मांडीवर घेऊन छापील चौकटींत पेनने गुण भरतात. या चौकटी नीट छापलेल्या असाव्यात, इतके सांगणे पुरे.

साधारण चार हीटनंतर ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर आत येतात. हा काळ वाया गेलेला समजू नये. जाहिराती, मुलाखती आणि पुनर्दृश्ये याच खिडकीत बसवली जातात, म्हणून प्रक्षेपणाचा निर्माता आणि ट्रॅकप्रमुख यांच्यात थेट बोलण्याची सोय हवी. ट्रॅकप्रमुखाने आणखी तीन मिनिटे मागितली, तर ती निर्मात्याने द्यावीत. उलट दिशेने दबाव येता कामा नये.

सातवी पायरी : प्रसिद्धी आणि विक्री

स्पीडवेतील प्रमोटर हा पहिल्यापासून अर्धा आयोजक आणि अर्धा खेळिया राहिला आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या जॉनी हॉस्किन्सने १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंडच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर प्रकाशझोतात या शर्यती भरवल्या आणि पुढे ब्रिटनमध्ये प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी तो रायडरांकडून स्वतःची टोपी जाळून घेत असे. आजच्या हक्कधारकांचे हेच काम फटाके, रायडरांचा परिचय-सोहळा आणि शहराच्या चौकातील फॅन झोन करतात.

प्रसिद्धीचा पैसा कोठे घालावा, याचा क्रम माझ्या मते असा असावा : आधी प्रवासी चाहते, मग स्थानिक कुटुंबे आणि शेवटी अनोळखी प्रेक्षक. पोलंडचे चाहते पांढरे-लाल झेंडे घेऊन युरोपभर प्रवास करतात, त्यामुळे पुढील हंगामाची तारीख जितकी लवकर जाहीर होईल तितकी तिकिटे, बस आणि हॉटेले आधी भरतात. अनोळखी प्रेक्षकासाठी नियम समजावणारी दोन मिनिटांची चित्रफीत पुरते. हा खेळ तेवढ्यात समजतो, आणि हेच त्याचे विक्रीमूल्य आहे.

नायकांच्या जोरावर तिकिटे विकताना जोखीमही मोजावी. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक २०२५ मध्ये सहाव्यांदा जगज्जेता झाला. त्याने ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झला अवघ्या एका गुणाने मागे टाकले, आणि अशी चुरस कोणतीही जाहिरात संस्था निर्माण करू शकत नाही. याउलट २०२२ मध्ये रशियन रायडरांवर बंदी आल्याने आदल्या वर्षीचा विजेता आर्तेम लागुता मालिकेतच नव्हता. ज्यांची भित्तिपत्रके एकाच चेहऱ्यावर उभी होती, त्यांना सगळे नव्याने छापावे लागले असते. म्हणून प्रसिद्धीसाहित्यात किमान तीन-चार रायडर असावेत आणि त्यांत स्थानिक वाइल्ड कार्डधारक हमखास असावा.

रायडर हा स्वतंत्र व्यावसायिक असतो. गाड्या, मेकॅनिक, इंजिन जुळवून देणारा ट्यूनर आणि प्रवास यांचा खर्च तोच करतो, शिवाय त्याच्या पोशाखावर व गाडीच्या आवरणावर त्याचे स्वतःचे प्रायोजक असतात. मालिकेच्या मुख्य प्रायोजकाला कोणती जागा आणि रायडरच्या प्रायोजकाला कोणती, हे सेंटिमीटरपर्यंत ठरवून घ्यावे.

नव्या पिढीची पेरणीही प्रमोटरच्याच कामात मोडते. मुख्य मालिकेला जोडून २१ वर्षांखालील गटाची स्पर्धा, २५० सीसीच्या गाड्यांवर किशोरांची आणि १९० सीसीवर त्याहून लहान मुलांची स्पर्धा घेतली जाते. सांघिक बाजूला ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ असते आणि २०२३ मध्ये व्रोत्सवाफला पुन्हा सुरू झालेला विश्वचषक, जो यजमान पोलंडनेच जिंकला. यांतील छोट्या स्पर्धा नवख्या यजमानाने आधी मागाव्यात, कारण पंच, ट्रॅक आणि तपासणीची तालीम तेथे कमी खर्चात होते.

शर्यतीनंतरचे आठ दिवस

पंचांचा आणि ज्युरीचा अहवाल महासंघाकडे जातो; त्यात ट्रॅकविषयी लिहिलेले प्रत्येक वाक्य पुढच्या मान्यतेच्या वेळी समोर ठेवले जाते, म्हणून यजमानाने त्याची प्रत मागून घ्यावी आणि स्वतःचे उत्तर त्याच आठवड्यात लेखी पाठवावे. तात्पुरत्या ट्रॅकचा माल उचलताना वरचा आणि खालचा थर वेगळा ठेवावा, चाळून घ्यावा आणि छपराखाली साठवावा. मिसळलेला माल पुढच्या वर्षी फक्त भरावाच्या कामाचा उरतो. स्टेडियम ठरलेल्या तासाला परत दिले नाही, तर अनामत रक्कम कापली जाते, त्यामुळे ट्रकांची रांग अंतिम हीट सुरू होण्याआधीच बाहेरच्या रस्त्यावर लागलेली असावी आणि तिची परवानगी वाहतूक पोलिसांकडून आधीच घेतलेली असावी.